चालून राहिली

छत्तीसगड राज्यात, भिलाई येथे, सेक्टर सहामधील लीजवर घेतलेल्या एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, नवतपा ऐन भरात असताना आणि दुपारचा एक वाजून गेलेला असताना, सुमंतरावांनी चालता कूलर स्वतःच्या हाताने बंद केला. नवतप्याच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत भिलाईत शहाणा माणूस असे करीत नाही. पंख्याने दोन-चार फेरे आणखी घेतले, वाळ्याच्या जाळीतून पाण्याचे थेंब टपकत राहिले आणि खोलीत लॅपटॉपमधला आवाज एकदम मोठा झाला.

"अहो, लाइट गेली का?" वासंतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"नाही. मी बंद केला."

"का? पापड व्हायचंय का आपल्याला?"

"या मास्तरांचं एक अक्षर धड ऐकू येत नाही. ते 'फोर्स' म्हणाले की 'कोर्स' म्हणाले, हे कळल्याशिवाय पुढं कसं जायचं?"

लॅपटॉपसमोर बसलेल्या वैभवीने ओढणीच्या टोकाने मानेवरचा घाम टिपला. ती सुमंतरावांची सून. लॅपटॉप तिच्या नवऱ्याचा, पार्थचा होता. तो हथखोजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि दिवसभर त्याला लॅपटॉप लागत नसे.

"बाबा, कूलर चालू करा ना," ती म्हणाली. "मले बराबर ऐकू येऊन राहिलं."

"कुठे येऊन राहिलं?" सुमंतराव म्हणाले.

हा प्रश्न त्या घरात रोजचा होता. सुमंतरावांचे घराणे आजोबांच्या वेळेपासून दुर्गचे. दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत मराठी, आणि मराठी म्हणजे पुस्तकात छापतात ती, असा त्यांच्याकडचा दंडक होता. स्वतः सुमंतरावांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या राजभाषा विभागात अनुवादक म्हणून सारी नोकरी केली. इंग्रजी सूचना शुद्ध हिंदीत करून देणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी असे केले की एका स्वल्पविरामासाठी वरिष्ठ इंजिनियरशी महिनाभर पत्रव्यवहार केल्याचे अजून सांगितले जाते. अशा घरात वैभवी आली. तिचे वडील शामराव मालगाडीवर गार्ड. माणसे नागपूरकडची, वस्ती दुर्गच्या रेल्वे कॉलनीत. ती 'पाहुणे येत आहेत' असे म्हणत नसे. 'पाहुणे येऊन राहिले' असे म्हणे. मग सुमंतराव वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारीत, "येऊन कुठे राहिले? धर्मशाळेत?" 'पोळ्या करून राहिली' म्हटले की, "करून कुठे राहिली? तव्यावर?" सुरुवातीला वैभवी हसे. पुढे हसू कमी झाले, पण 'राहिली' काही सुटले नाही आणि प्रश्नही सुटला नाही.

त्या दुपारी तिने उठून कूलर चालू केला आणि लॅपटॉप कानाजवळ ओढला.

ती शिकत होती ते भौतिकशास्त्र. तिने बारावी कलाशाखेतून केली होती. लग्नानंतर सुपेल्यातील एका एक्स-रे केंद्रात ती स्वागतकक्षात बसू लागली. दुपारी चारपासून रात्री केंद्र बंद होईपर्यंत रोग्यांची नावे पुकारायची, पावत्या द्यायच्या, भिंतीपलीकडे यंत्राचा आवाज आला की दार लावून घ्यायचे. एक दिवस ती जेवताना म्हणाली होती, "अंदर मानसाची हड्डी दिसते, अन् मी बाहेर नाव पुकारून राहिली." पुकारून कुठे राहिली, हे सुमंतरावांनी त्या दिवशी विचारले होते की नाही, ते त्यांना आठवत नव्हते. विचारलेच असणार.

एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळत होता. अट एकच होती. भौतिकशास्त्र कधी न शिकलेल्यांनी उन्हाळ्यात एका विद्यापीठाचा ऑनलाइन प्राथमिक पाठ्यक्रम पुरा करायचा. शाळेत दोन वर्षे घेतात ते दीड महिन्यात. दर आठवड्याला चाचणी, शेवटी कॅमेऱ्यासमोर तोंडी परीक्षा. दोन चाचण्यांत नापास झाले तर तोंडी परीक्षेला बसता येणार नव्हते, आणि या वर्षी बसले नाही तर पुढच्या वर्षी वयाची मर्यादा आड येत होती.

व्याख्याने इंग्रजीत. वैभवी हिंदी माध्यमातली. म्हणून सुमंतराव शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. तिचा शब्द अडला की ते हिंदी प्रतिशब्द देत, त्याची व्युत्पत्ती सांगत, आणि व्युत्पत्ती संपेपर्यंत मास्तर पुढच्या प्रकरणात पोचलेले असत.

"हे 'अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स' काय लिहिलंय?" पहिल्याच दिवशी त्यांनी हरकत घेतली होती. "याला 'त्वरित' म्हणायचं की 'द्रुत'?"

तेव्हा वैभवीला सांगता आले नव्हते. आठवड्याभराने, त्वरणाचा धडा झाल्यावर, भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बाबा, तो वर्ड गलत आहे. दर हप्त्याले तेवढेच चॅप्टर होतात. मंग स्पीड जास्त आहे, अ‍ॅक्सिलरेशन झीरो आहे."

सुमंतराव चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले. 'त्वरण' हा शब्द त्यांनी किती वेळा लिहिला असेल याची गणती नव्हती. क्रेनच्या सूचनांत लिहिला, रोलिंग मिलच्या नियमांत लिहिला, एका फलकावर तर स्वतः उभे राहून रंगवून घेतला. शब्द चोख होता. पण त्वरण म्हणजे वेग नव्हे, वेगातला बदल, हे त्यांना त्या दिवशी, पडवळाच्या चकत्यांसमोर कळले. आयुष्यभर पाकिटांवर पत्ते लिहावेत आणि म्हातारपणी कोणीतरी हात धरून त्यातल्या एका घरात न्यावे, तसे त्यांना झाले.

"बरोबर," ते म्हणाले. "द्रुतच म्हणायला हवं." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारले नसताना, "फार चांगलं सांगितलंस."

वासंतीबाईंनी पोळी उलटता उलटता सुनेकडे पाहून भुवया उंचावल्या. या घरात एवढी स्तुती वर्षातून एखादीच होत असे.

त्यानंतर दुपारची झोप सुमंतरावांनी सोडली. संवेग, घर्षण, कार्य, शक्ती हे सारे त्यांच्या हाताखालून गेलेले शब्द एकेक करून पुन्हा येत होते, आणि या खेपेस रिकाम्या हाताने येत नव्हते. मालगाडीची भरलेली वाघीण हळू जात असली तरी ती थांबवणे पळत्या स्कूटरला थांबवण्याहून कठीण का, हे सुनेने त्यांना समजावले. त्यांनी तिला 'संवेग' आणि 'आवेग' यांतला भेद पक्का करून दिला. अशी देवघेव चालली होती, आणि त्यात आपल्याकडे येणारा वाटा मोठा आहे हे सुमंतरावांना मनातून ठाऊक होते.

मग जडत्वाचा आठवडा आला.

"सोपं आहे," इनर्शिया हा शब्द ऐकताच सुमंतरावांनी व्याख्यान थांबवायला लावले. "जडत्व. जड म्हणजे अचेतन, मंद, जागचा न हलणारा. आपण मराठीत जड म्हणतो ते वजनदार. तेही हलायला नाखूशच असतं. तेव्हा जडत्व म्हणजे न हलण्याचा स्वभाव. शब्दातच अर्थ आहे, बाहेर शोधायला नको."

वेळ थोडा होता. शब्दात अर्थ मिळाल्यामुळे वैभवीने उरलेले व्याख्यान भराभर पुढे ढकलले. चाचणीत पहिलाच प्रश्न होता: समान वेगाने जाणाऱ्या वस्तूला जडत्व असते की नसते? न हलणे हा ज्याचा स्वभाव, ते हलणाऱ्या वस्तूत कसे असेल? तिने 'नसते' वर खूण केली. पुढचे सगळे प्रश्न त्याच वाटेने गेले. हलत्या वस्तूला काहीतरी हलवीत असलेच पाहिजे, असे धरून तिने प्रत्येक ठिकाणी बल दाखवले. संध्याकाळी निकाल लागला. वैभवी नापास झाली होती.

"शब्दाची चूक आहे," दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंतराव म्हणाले. रात्रभर त्यांनी हाच विचार केलेला दिसत होता. "ज्याने इनर्शियाला जडत्व म्हटलं त्याने अर्धाच अर्थ घेतला. मी त्या विद्यापीठाला लिहितो. सविस्तर लिहितो."

वैभवी ओट्याशी भांडी विसळत होती. तिने मागे पाहिले नाही.

"बाबा, तो इंग्लिशमध्ये विचारून राहिला. त्याले जडत्वाशी काय करायचं?"

"विचारून कुठे..." सवयीने सुमंतरावांच्या तोंडून निघाले.

"कुठं राहिला ते मले नाही मालूम." तिने पातेले उपडे ठेवले. आवाज मोठा नव्हता. "मी फेल होऊन राहिली, एवढं मालूम आहे. आता एक टेस्ट गेली का सब खतम. मंग बसते तिथंच नावं पुकारत."

फेल होऊन कुठे राहिली, हा प्रश्न सुमंतरावांच्या जिभेवर तयार होता. वासंतीबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. सुमंतरावांनी तो गिळला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले.

तिथे बसून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि जडत्वाचे व्याख्यान पहिल्यापासून, एकट्याने, एकही वाक्य न थांबवता ऐकले. मग पुन्हा ऐकले. दुपारी वैभवी आली तेव्हा ते स्टुलावर चढून कपाटावरचा कॅरम बोर्ड काढीत होते.

"मास्तर म्हणतात, घरातल्या घरात करून बघा," ते म्हणाले. "गुळगुळीत पृष्ठभाग हवा."

बोर्ड जमिनीवर ठेवला. सुमंतरावांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून स्ट्रायकर मारला. तो मध्यापर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा मारला, पुन्हा तसेच.

"पावडर टाका की," दारात उभ्या असलेल्या वासंतीबाई म्हणाल्या. त्या कॅरमला चांगल्या होत्या आणि अनाडीपणा त्यांना पाहवत नसे. "कोरड्या बोर्डावर कोण खेळतं? सरका." त्यांनी डबी आणून बोरिक पावडर शिंपडली, तळव्याने पसरली आणि स्वतः टिचकी मारली. स्ट्रायकर पलीकडच्या कडेवर आपटून परत त्यांच्या हाताशी आला.

"आई, जोर तेवढाच होता?" वैभवी आता मांडी घालून बसली होती.

"तेवढाच. माझा हात काही वाढला नाही."

आणखी पावडर टाकली. स्ट्रायकर दोनदा कडेवर आपटून आला. सुमंतराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. चाळीस वर्षांच्या संसारात कॅरमकडे त्यांनी इतक्या आदराने कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे थांबवतं ते घर्षण," ते हळूहळू, एकेक शब्द तपासून म्हणाले. "चालवत कोणीच नाही. धक्का दिला तो तिथंच संपला. मग घर्षण मुळीच नसतं आणि बोर्डाला कडाही नसत्या, तर तो थांबला कावून असता?"

वैभवीने मान वर केली. "बाबा. कावून?"

"मी 'का म्हणून' म्हणालो."

"आम्हाला हिच्यासारखं 'कावून' ऐकू आलं," वासंतीबाई म्हणाल्या.

"घाईत म्हटलं की तसं ऐकू येतं. प्रश्नाकडे लक्ष द्या. थांबला असता का?"

वैभवीने स्ट्रायकर उचलून बोर्डावर नुसता ठेवला. 

"नाही," ती म्हणाली. "चालून राहिला असता."

"कुठे राहिला असता?"

सवय ती सवय.  या वेळी ती चिडली नाही आणि हसलीही नाही. केंद्रावर जायची वेळ झाली होती. ओढणी झटकून ती उठली, आणि स्कूटरची किल्ली शोधताना दोनदा त्याच खुंटीपाशी जाऊन आली.

पुढच्या चाचण्या वैभवी पास झाली. सुमंतरावांनी विद्यापीठाला पत्र लिहिले नाही. त्यांनी दुसरे एक काम केले. जडत्वाची निर्दोष व्याख्या हिंदीत बांधली, तीन वेळा दुरुस्त केली, आणि ती सुनेकडून पाठ करून घेतली. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणार याबद्दल त्यांची खात्री होती.

परीक्षेच्या दिवशी आषाढ लागला होता. ढग येत, कारखान्याच्या धुराड्यांवर थोडे टेकत आणि निघून जात. उकाडा तसाच होता. नियम असा होता की खोलीत परीक्षार्थीखेरीज कोणी असता कामा नये. वैभवीने कॅमेरा फिरवून चारही भिंती दाखवल्या. सुमंतराव आणि वासंतीबाई स्वयंपाकघरात बसले. मधल्या दाराला पडदा होता, आणि कूलर या वेळी वैभवीनेच बंद केला होता. त्यामुळे ऐकू सारेच येत होते. सुमंतरावांना रिकामे बसवेना, म्हणून वासंतीबाईंनी त्यांच्यापुढे कोथिंबिरीची जुडी टाकली.

"वैभवी जी, इनर्शिया क्या है?" परीक्षक बाईंचा आवाज दुरून आल्यासारखा, थोडा थकलेला होता. सकाळपासून त्या हेच विचारीत असाव्यात.

"जड़त्व वस्तु का वह गुण है," वैभवीने सुरू केले, "जिसके कारण वह अपनी स्थिर अथवा गतिमान अवस्था में किसी भी परिवर्तन का विरोध करती है."

सुमंतरावांनी मान डोलावली. 'अथवा' योग्य ठिकाणी पडले होते.

"ये तो रटा हुआ है," बाई म्हणाल्या. "ऐसे बताइए. गाड़ी पटरी पर जा रही है. इंजन बंद कर दिया. मान लीजिए, घर्षण बिलकुल नहीं है. क्या होगा?"

"चलती रहेगी, मॅम."

"इंजन तो बंद है. फिर चला कौन रहा है?"

 सुमंतरावांचे हात थांबले. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या व्याख्येत नव्हते. जडत्वाच्या आठवड्यात याच खड्ड्यात ती पडली होती, आणि तिथवर तिला त्यांनीच नेले होते. आता ती 'बल' म्हणेल. एवढा एकच शब्द, आणि उन्हाळा वाया. त्यांना उठून पडद्याशी जावेसे वाटले. वासंतीबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मॅम," वैभवी म्हणाली, "हम लोग घर में मराठी बोलते हैं. मैंने उसी में सोचा है. बोलूँ?"

"मुझे मराठी नहीं आती. बोलिए, फिर हिंदी में समझा दीजिए."

"हमारे तरफ़ बोलते हैं, 'गाडी चालून राहिली'. मतलब, चल रही है. मेरे ससुर जी हर बार पूछते हैं, चालून कुठे राहिली? चलकर रही कहाँ? मेरे पास कभी जवाब नहीं था. इस कोर्स में मिला, मॅम. वो कहीं और नहीं रही. चलने में ही रही. रुकी हुई चीज़ जैसे रुकने में रहती है, वैसे ये चलने में रहती है. रहने के लिए कोई नहीं लगता. हालत बदलने के लिए लगता है."

"तो चला कौन रहा है?"

"कोई नहीं, मॅम."

 मग बाई म्हणाल्या, "आपके ससुर जी फ़िज़िक्स पढ़ाते थे?"

"नहीं, मॅम. लेकिन सवाल उनका है. वो नहीं पूछते तो मैं नहीं सोचती."

"अच्छा. आगे चलते हैं. एक न्यूमेरिकल लिखिए."

स्वयंपाकघरात सुमंतराव कोथिंबीर निवडू लागले. त्यांनी पाने काढून कचऱ्याच्या ताटलीत टाकली आणि देठ नीट जुळवून वाडग्यात ठेवले. वासंतीबाईंनी ताटली आणि वाडगे यांची अदलाबदल केली. पुढचे प्रश्न सुमंतरावांनी ऐकले, पण त्यांतले काही डोक्यात शिरले नाही. त्या एका प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे चिमट्यासारखा उपयोग केला होता. तिने तो सरळ करून, धार पुसून, परक्या बाईसमोर त्यांच्या नावावर ठेवला होता. असे दान आपल्याला कोणी दिल्याचे त्यांना आठवेना.

पडदा बाजूला सारून वैभवी आत आली. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते.

"काय म्हणाल्या?" वासंतीबाईंनी विचारले.

"रिझल्ट मेलवर येईल म्हणे. पण म्हणाल्या, अ‍ॅडमिशनचे कागद तयार ठेवा." ती हसली, आणि हसता हसता तिने माठातून पाणी घेतले. "न्यूमेरिकल बी बराबर आला. आई, माझे पाय कापून राहिले अजून."

कापून कुठे राहिले, हे कोणी विचारले नाही. तिने ग्लास ठेवला आणि सुमंतरावांकडे पाहिले.

"तू त्यांना सांगितलंस," सुमंतराव म्हणाले, "की सवाल माझा आहे."

"तुमचाच तर आहे."

"मी तो त्या अर्थानं विचारत नव्हतो."

"मालूम आहे मले, बाबा," वैभवी म्हणाली. "पण विचारला ना."

मग तिने घड्याळ पाहिले आणि कपडे बदलायला गेली. ती तयार होईपर्यंत सुमंतराव अंगणात गेले. ढग हटून ऊन पुन्हा पडले होते आणि स्कूटरची सीट तापली होती. त्यांनी नळाखाली फडके भिजवून आणले, सीट पुसली, फडके पिळून पुन्हा पुसली, आणि हँडलच्या मुठीही पुसल्या. वैभवी गाडीवर बसली, हेल्मेटमधून काहीतरी म्हणाली, ते त्यांना ऐकू आले नाही. त्यांनी हात वर केला. स्कूटर वळणापलीकडे जाईपर्यंत ते फाटकाशी उभे होते.

आत आले तेव्हा वासंतीबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कोथिंबीर चिरून झाली होती.

"परीक्षेत तसं बोलायला नको होतं तिनं," त्या म्हणाल्या. "व्याख्या एवढी छान करून दिली होती तुम्ही. त्या मॅडम चांगल्या निघाल्या म्हणून बरं. नाहीतर अशुद्ध ते अशुद्धच."

"नाही," सुमंतराव म्हणाले. "वाक्य शुद्ध आहे."

"तपासून म्हणता?"

"तपासून म्हणतो. 'चालत आहे' यात नुसती आत्ताची वेळ कळते. 'चालून राहिली' यात ती चालण्यात राहिली, हे कळतं. अर्थ जास्त आहे. जास्त अर्थ असलेलं वाक्य अशुद्ध म्हणायला मला आधार सापडत नाही."

वासंतीबाईंनी विळी आडवी करून भिंतीला लावली. हात पुसले. पुसून झाल्यावरही त्या पदर हातातच धरून राहिल्या.

"मंग माझं?" त्या म्हणाल्या.

"तुझं काय?"

"आमगावहून लगन होऊन आली तवा मी बी असीच बोलत होती. जाऊन राहिली, करून राहिली. तुमी टोकून राहिले, तुमची आई टोकून राहिली. मंग मी सोडून देल्लं." त्यांनी मान वळवली नव्हती. "ते काय होतं मंग?"

हा आवाज सुमंतरावांनी या स्वयंपाकघरात कधी ऐकलेला नव्हता. तो त्याहून जुना होता, दुर्गच्या घरातला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. तो केव्हा थांबला हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. बायको सुधारली, एवढेच त्यांनी धरले होते. ते पाटावर बसले. कारखान्यात एखादा शब्द कायमचा छापला जाण्याआधी ते जसा त्याला उलटून पालटून, उजेडात धरून पाहत, तसे त्यांनी आपले उत्तर पाहिले. वासंतीबाई थांबल्या होत्या. घाई त्यांनाही नव्हती.

"तेही बरोबर होतं," सुमंतराव म्हणाले.